कॉफीच्या कृतीत चमचे नकोत, ग्रॅम द्या

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

वृत्तपत्रांच्या पुरवण्यांमध्ये कॉफीची कृती बहुधा एकाच साच्यातून येते: दोन चमचे पूड, एक कप पाणी, हवी तितकी कडक होईपर्यंत उकळा. या कृतीने आज केलेली कॉफी उद्या तशीच होईल याची खात्री नाही. शिवाय बिघडली तर का बिघडली हे शोधायला हातात काहीच उरत नाही. चमचा, कप आणि ‘हवी तितकी’ या तिन्ही जागी मोजमाप निसटले आहे. कॉफी भाजण्या-चाखण्याच्या कामातल्या माणसाला हे खटकते, म्हणून थोडे सविस्तर लिहीत आहे.

चमच्याचे आधी पाहू. दळलेल्या कॉफीचा एक मोठा चमचा 5 ग्रॅमचाही भरतो आणि 7 ग्रॅमचाही. दळण किती जाड आणि चमचा सपाट की शिगोशीग, यावर ते ठरते. त्यात भाजताना दाणा फुगतो आणि त्याचे साधारण 12 ते 20 टक्के वजन उडून जाते. भाजणी जितकी गडद, तितका दाणा हलका. फिकट भाजणीची कॉफी संपली, गडद भाजणीची आणली आणि चमचे तेवढेच ठेवले, की भांड्यात कॉफी कमी पडते आणि दोष मात्र नव्या पाकिटावर येतो. 0.1 ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा वजनकाटा असला की हा घोळ मिटतो. पाणीही त्याच काट्यावर ओतावे. मापट्यात बघत बसायला नको. सुरुवातीला 1 लिटर पाण्याला 60 ग्रॅम कॉफी हे प्रमाण धरावे, म्हणजे 250 ग्रॅम पाण्याला 15 ग्रॅम. आवडीप्रमाणे ते पुढे बदलता येते, पण बदलण्यासाठी आधी काहीतरी ठरलेले असावे लागते.

या 15 ग्रॅमचे पुढे काय होते ते नीट समजून घेण्यासारखे आहे. भाजलेल्या दाण्याचा जेमतेम 30 टक्के भाग पाण्यात विरघळू शकतो, बाकी सगळा चोथा. आणि तो 30 टक्केही पुरता काढायचा नसतो. 1950च्या दशकात अमेरिकेत अर्नेस्ट लॉकहार्ट यांनी केलेल्या मोजमापांतून एक पट्टा पुढे आला आणि व्यवसायात तो आजही वापरला जातो: कोरड्या पुडीच्या वजनाच्या 18 ते 22 टक्के अर्क उतरावा. 15 ग्रॅमचे 20 टक्के म्हणजे 3 ग्रॅम. चोथा स्वतःच्या वजनाच्या सुमारे दुप्पट पाणी धरून ठेवतो, म्हणजे 30 ग्रॅम पाणी आपल्याला परत मिळत नाही. कपात येतात 220 ग्रॅम, त्यात अर्क 3 ग्रॅम. दाटपणा झाला 1.36 टक्के. उरलेले सगळे पाणीच.

इथे दोन वेगळे आकडे आहेत आणि घरगुती कॉफीच्या पुष्कळ तक्रारी ते एकच समजल्यामुळे होतात. एक, पुडीतून किती अर्क उतरला. दुसरा, कपात तो किती दाट आहे. समजा कोणी 25 ग्रॅम जाड दळलेली कॉफी घेऊन 250 ग्रॅम पाण्यात घाईघाईने केली आणि अर्क फक्त 16 टक्के उतरला. तरी तो 4 ग्रॅम झाला, कपात 200 ग्रॅम आले आणि दाटपणा 2 टक्क्यांवर गेला. ही कॉफी दाट आहे आणि तरीही आंबट, कच्ची लागते. उलट 10 ग्रॅम पूड त्याच पाण्यात भरपूर उकळून 24 टक्के अर्क काढला, तर 230 ग्रॅममध्ये 2.4 ग्रॅम, म्हणजे 1 टक्क्याच्या किंचित वर. ही कॉफी पातळही आहे आणि कडूही. ‘कडक होईपर्यंत उकळा’ या सूचनेतून नेमकी हीच कॉफी तयार होते. कडक हवी असेल तर पूड वाढवावी. उकळण्याचा वेळ वाढवून कडकपणा थोडा आणि कडवटपणा फार वाढतो.

असे होण्याचे कारण अर्क उतरण्याच्या क्रमात आहे. आंबट आणि फळांसारखा वास देणारे घटक पाण्यात आधी उतरतात, मग गोडवा जाणवू लागतो, आणि कडू, तुरट घटक सावकाश, शेवटी येतात. कागदी गाळणीतून कॉफी करताना हे तपासता येते. खाली उतरणारी कॉफी तीन कपांत वाटून घ्यावी, पहिला तिसरा हिस्सा एकात, दुसरा दुसऱ्यात, शेवटचा तिसऱ्यात. पहिला कप दाट, झोंबणारा आंबट, जरा खारटही. दुसरा सौम्य. तिसरा म्हणजे रंगीत पाणी, पोकळ आणि कडवट. एकेकटा एकही पिण्यासारखा नसतो. तिन्ही एकत्र ओतले की ओळखीची कॉफी होते. हा प्रयोग एकदा केलेल्या माणसाला पुढचे निदान शिकवावे लागत नाही.

ते निदान असे. घोट घेताच जिभेच्या कडा आवळल्या, चव खारट-आंबट आली आणि लगेच विरून गेली, तर अर्क कमी उतरला आहे: दळण बारीक करा. चव कडू, जीभ कोरडी आणि खरखरीत, तो कडवटपणा गिळल्यावरही रेंगाळतो, तर अर्क जास्त उतरला आहे: दळण जाड करा. पाणी किती तापवायचे आणि किती वेळ ठेवायचे हेही बदलता येते, पण पहिला हात दळणाला लावावा आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी. दोन बदलल्या की कोणत्या गोष्टीने गुण आला ते कळत नाही. कॉफी नुसती जड वाटत असेल तर कपात चमचा-दोन चमचे गरम पाणी घालून पाहावे (इथे चमचा चालेल). त्याने चव मोकळी झाली तर दोष दाटपणाचा होता. पाणी घालूनही कडूच राहिली तर दोष अर्काचा किंवा भाजणीचा आहे.

भाजणीचा म्हणतो ते मुद्दाम. फार गडद भाजलेल्या दाण्यात भाजण्याच्याच क्रियेतून तयार झालेला कडवटपणा असतो. दळण जाड करून तो कमी होतो, जात नाही. कॉफीच्या कडवटपणाचा दोष सर्रास कॅफिनवर टाकला जातो, पण त्याचा वाटा त्यात लहान आहे. कॅफिन काढून टाकलेली कॉफीही कडू लागते ती त्यामुळेच. आंबटपणाबद्दलही एक गैरसमज दूर व्हायला हवा. उंचावर पिकलेल्या, फिकट भाजलेल्या अरेबिका जातीच्या कॉफीत आंबटपणा असतोच आणि तो गुण मानला जातो, फक्त त्याच्या पाठोपाठ गोडवा यायला हवा. गोडव्याशिवाय आलेला, दातांना आंबणारा आंबटपणा तेवढा दोष.

दळणाबद्दल लिहिताना हात आखडता घेता येत नाही, कारण महागडे दाणे आणि सुंदर किटली यांवर पाणी फिरवणारी जागा हीच आहे. फिरत्या पात्यांच्या यंत्रात दाणे दळले जात नाहीत, तुटतात. त्यात धूळही निघते आणि अर्धवट तुकडेही. धुळीतून अर्क जास्त उतरतो, तुकड्यांतून कमी, आणि कप एकाच वेळी आंबट आणि कडू होतो. अशी कॉफी दुरुस्त करायला कोणताही वेळ आणि कोणतेही तापमान उपयोगी पडत नाही. दोन दातेरी चकत्यांमधून दाणा जातो तो बर ग्राइंडर घ्यावा. हाताने फिरवायचा साधासुद्धा चालतो. कॉफीवर एकाच वस्तूसाठी खर्च करायचा असेल तर माझ्या मते तो इथेच करावा, कॉफी करण्याच्या यंत्रावर नव्हे. पात्यांचेच यंत्र असेल तर थांबत-थांबत, दोन-तीन सेकंदांचे झटके द्यावेत, मधे भांडे हलवावे आणि शेवटी बारीक चाळणीने धूळ काढून टाकावी. दळण कॉफी करण्याच्या अगदी आधी करावे. दळलेल्या कॉफीचा पृष्ठभाग अनेक पटींनी वाढतो आणि तिचा वास काही तासांतच उतरायला लागतो.

पाण्याकडे कोणी बघत नाही आणि कपात साडेअठ्ठ्याण्णव टक्के तेच असते. क्लोरीनचा वास येणारे पाणी बाद. साध्या कार्बन फिल्टरने तो जातो. पाण्यातील विरघळलेल्या क्षारांसाठी चाखणीच्या व्यवसायात लिटरला 150 मिलिग्रॅमच्या आसपासचे लक्ष्य ठेवतात, आणि 75 ते 250 पर्यंत चालवून घेतात. फार जड पाण्यातले बायकार्बोनेट कॉफीतील आम्ल मारून टाकते आणि चव खडूसारखी सपाट होते. उलट आरओचे क्षार जवळजवळ नसलेले पाणी घेतले तर आंबटपणाला आवर घालायला काही उरत नाही आणि चव टोचरी, उघडी पडते. दोन्ही पाणी घरात असेल तर निम्मे-निम्मे मिसळून पाहावे. पुष्कळदा दाणे न बदलता नुसत्या पाण्याने कॉफी सुधारते.

तापमान 90 ते 96 अंश सेल्सिअस. ‘उकळते पाणी कॉफी जाळते’ हे वाक्य सतत कानावर येते. ते खरे नाही. ज्या दाण्याने भट्टीत 200 अंश सोसले तो 100 अंशांच्या पाण्याने जळत नाही. फिकट भाजणीला उकळी थांबता क्षणी पाणी ओतले तरी चालते, कारण असा दाणा टणक असतो आणि अर्क सहज सोडत नाही. गडद भाजणी भुसभुशीत. तिला 88 ते 90 अंश पुरतात. उंच डोंगरी ठिकाणी पाणी मुळातच कमी तापमानाला उकळते, दर 300 मीटरला सुमारे 1 अंश कमी. तिथे किटली विस्तवावरून काढून थांबत बसू नये.

फ्रेंच प्रेसमध्ये, म्हणजे जाळीचा दट्ट्या असलेल्या भांड्यात, चूक करायला फारशी जागा नाही, म्हणून नवख्याने तिथून सुरुवात करावी. 30 ग्रॅम कॉफी, जाड वाळूएवढे दळण, 500 ग्रॅम पाणी. ओतून 4 मिनिटे हात लावायचा नाही. मग वर आलेला थर चमच्याने हलकेच मोडायचा, बराचसा चोथा तळाला जातो. वर राहिलेला फेस काढून टाकायचा आणि आणखी 5 मिनिटे थांबायचे. दट्ट्या तळापर्यंत दाबू नये. जाळी कॉफीच्या पृष्ठभागाला टेकेल एवढीच खाली न्यावी आणि सावकाश ओतावे. दाबला की खाली बसलेला गाळ ढवळला जातो आणि कपात येतो. इतका वेळ ठेवून कॉफी कडू कशी होत नाही, असा प्रश्न पडेल. भिजत ठेवलेल्या कॉफीत पाणी बदलत नाही; त्यात अर्क साठत जातो, पाणी थंड होत जाते आणि पुढचा अर्क उतरण्याचा वेग मंदावतो. गाळणीत तसे नसते, तिथे वरून सतत कोरे पाणी येते.

मोका पॉट म्हणजे खालचे पाणी वाफेच्या दाबाने पुडीतून वर चढवणारे भांडे. त्यात खालच्या भांड्यात आधीच गरम केलेले पाणी वाल्वच्या खालपर्यंत भरावे, पूड गाळणीत सपाट भरावी पण दाबू नये, आच मंद ठेवावी. खदखद ऐकू येऊ लागली की लगेच उतरवावे. त्यानंतर वर येते ती वाफ आणि कडवटपणा. एस्प्रेसोसाठी 18 ग्रॅम पुडीतून 36 ग्रॅम कॉफी, 25 ते 30 सेकंदांत, 9 बार दाबाखाली. त्यातली मुख्य अडचण दळण आणि समपातळी ही आहे. पूड एका बाजूला सैल राहिली तर पाणी कच्च्या बांधातून फुटावे तसे तिथूनच निघून जाते, आणि बाकीची पूड अर्धवट भिजते.

दाणे घेताना पाकिटावर भाजल्याची तारीख आहे का ते बघावे. ‘या तारखेपूर्वी वापरा’ एवढेच छापले असेल तर त्यावरून काहीच कळत नाही. भाजल्यावर दाण्यात कार्बन डायऑक्साइड अडकलेला असतो आणि तो काही दिवस बाहेर पडत राहतो. अगदी ताजी, कालच भाजलेली कॉफी त्यामुळे नीट भिजत नाही. साधारण आठवडाभर थांबावे आणि पुढच्या महिन्याभरात संपवावी. हवाबंद डबा, अंधारी कोरडी जागा. फ्रिज नको, तिथे ओल आणि इतर वास आहेत. फार दिवस ठेवायची असेल तर लहान हवाबंद पुड्या करून फ्रीझरमध्ये टाकाव्यात आणि एकेक पुडी बाहेर काढून, तिचा गारठा गेल्यावरच उघडावी, नाहीतर हवेतली ओल दाण्यांवर धरते. भाजलेल्या दाण्यांत काही दाणे इतरांपेक्षा खूप फिके दिसले तर ते वेचून टाकावेत. ते कच्च्या फळातले असतात आणि मूठभर दाण्यांतले दोन-चारही कपाला कागदी, शेंगदाण्याच्या टरफलासारखी चव देतात.

आता चाखणीकडे. व्यवसायात ज्या पद्धतीने कॉफी चाखतात ती घरी करण्यात काहीच अवघड नाही, आणि एकट्या कपापेक्षा दोन-तीन कॉफ्या शेजारी ठेवून चाखल्या तर जीभ झपाट्याने शिकते. प्रमाण 150 मिलिलिटरला 8.25 ग्रॅम. एकसारखे वाडगे घ्यावेत, दळण मध्यम जाड. आधी कोरड्या पुडीचा वास घ्यावा. मग सुमारे 93 अंशांचे पाणी काठोकाठ ओतावे. 4 मिनिटांनी नाक वाडग्याजवळ नेऊन चमच्याच्या पाठीने वरचा थर तीनदा मागे सारावा. सगळ्यात जास्त वास त्या क्षणी सुटतो. दोन चमच्यांनी फेस उचलून टाकावा. पाणी ओतल्यापासून 8 ते 10 मिनिटांनी, कॉफी 70 अंशांच्या आसपास आल्यावर, पहिला घोट. तळ ढवळू नये आणि दर वाडग्यानंतर चमचा धुवावा.

घोट मोठ्याने सुर्रकन ओढायचा. शिष्टाचार इथे बाजूला ठेवावा लागतो. कॉफीचे तुषार टाळूपर्यंत पोचले की वास घशाच्या मागून नाकात चढतो, आणि आपण ज्याला चव म्हणतो त्यातला मोठा भाग हा वास असतो. नाक चिमटीत धरून घोट घ्या, फक्त आंबट-कडू-गोड एवढेच कळेल. नाक सोडताच बाकीचे सगळे येईल. प्रत्येक घोटाला पाच गोष्टी विचाराव्यात: आंबटपणा कसा आहे, गोडवा आहे का, तोंडात भार किती, मागे काय उरते आणि काही परके, खटकणारे आहे का. बुरशीचा, औषधाचा किंवा व्हिनेगरचा वास हा दाण्यातलाच दोष असतो, करणाऱ्याचा नाही. कोमट झाल्यावर पुन्हा चाखणे चुकवू नये. गरम असताना दोष लपतात. चांगली कॉफी निवताना अधिक गोड लागते, वाईट कॉफी निवताना उघडी पडते.

पाकिटावर छापलेल्या ‘जर्दाळू, मध, चमेली’ अशा शब्दांनी दबून जाऊ नये. तसे काही मिसळलेले नसते, ती फक्त कोणाला तरी झालेली आठवण असते. सुरुवातीला दोन कपांतला फरक सांगता आला तरी पुष्कळ झाले. त्यासाठी तीन कप भरावेत, दोन एकाच कॉफीचे आणि एक दुसरीचा, जागा दुसऱ्या कोणाला तरी बदलायला सांगाव्यात आणि वेगळा ओळखावा. अंदाजाने तीनातून एकदा बरोबर येतेच, म्हणून पाच-सहा वेळा करून पाहावे.

दूध घालणाऱ्यांनी हे आपल्यासाठी नाही असे समजू नये. दूध कडवटपणा झाकते, पण पातळ कॉफी दुधात हरवते. अशा वेळी पूड वाढवून 8 ते 10 भाग पाण्याला 1 भाग कॉफी घ्यावी, वेळ मात्र तोच ठेवावा. दूध 60 ते 65 अंशांपर्यंतच तापवावे. त्यापुढे गोडवा मागे पडून शिजलेल्या दुधाचा वास वर येतो. दूध घालण्याआधी एक घोट काळ्या कॉफीचा घ्यावा, दोष त्यातच कळतो.

आपल्या पुरवणीत यापुढे कॉफीची कृती छापायची झाल्यास पुढील नमुन्यातील मोजमापे तरी असावीत, ही विनंती. कागदी गाळणीची एका कपाची कृती: कॉफी 15 ग्रॅम, फिकट ते मध्यम भाजणी, दळण मध्यम, जाडसर वाळूपेक्षा थोडे बारीक. पाणी 250 ग्रॅम, 94 अंश. कागद गरम पाण्याने धुऊन ते पाणी फेकावे. पुडीवर 40 ग्रॅम पाणी ओतून 40 सेकंद फुलू द्यावे; ताजी असेल तर बुडबुडे येतील. मग मधोमधपासून गोल फिरवत 150 ग्रॅमपर्यंत, आणि पाणी निम्मे उतरल्यावर 250 ग्रॅमपर्यंत ओतावे. गाळणी एकदा हलकेच फिरवावी म्हणजे पूड सपाट बसते. ओतायला सुरुवात केल्यापासून 2 मिनिटे 45 सेकंद ते 3 मिनिटे 15 सेकंदांत सगळे पाणी उतरावे. आधीच उतरले आणि चव आंबट आली तर दळण ग्राइंडरवरची एक खाच बारीक; साडेतीन मिनिटांच्या पुढे गेले आणि चव कडू आली तर एक खाच जाड.

कळावे,
आपला,
कॉफीच्या भाजणी-चाखणीच्या कामातील एक वाचक